डावा स्पीकर

रायपुरात सिग्नल हिरवा झाला की लोक हॉर्न वाजवतात. आमचे मामा ओरडायचे. "हिरवा!" स्टिअरिंगवर दोन्ही हात, मान ताठ, आणि आवाज असा खणखणीत की शेजारच्या स्कूटरवरचा माणूस दचकून आधी मामांकडे आणि मग सिग्नलकडे पाहायचा. पण तेवढ्यानं गाडी हलत नसे. डाव्या सीटवरून मामीनं "हिरवा" असं म्हणावं लागे. ती म्हणाली की मगच पहिला गिअर पडायचा. मामी कधी पर्समध्ये रुमाल शोधण्यात गुंतलेली असली, की मागे हॉर्नचा गदारोळ उठायचा, रिक्षावाले मान बाहेर काढून आमच्या खानदानाची चौकशी करायचे, आणि मामा शांतपणे समोर बघत दुसऱ्यांदा म्हणायचे, "हिरवा!"

"हिरवा, हिरवा! चला आता एकदाचे," मामी म्हणायची.

"एकदाच म्हणायचं असते. दोनदा म्हटलं तर दोन सिग्नल होतात."

मामा रेल्वेत इंजिन चालवायचे. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तोच परत बोलायचा. दोघांचं जुळलं की गाडी पुढे. ही तिथली रीत, आणि ती चांगलीच आहे. पण निवृत्त झाल्यावर माणसं टोपी आणि शिट्टी घरी आणतात, मामांनी रीत आणली. तिला एक पोटनियमही होता: सिग्नल बोलला जात असताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. गप्पा नाही, गाणं नाही, शक्यतो खोकलासुद्धा नाही. मामीला हे सगळं त्यांनी गाडी आल्याच्या पहिल्या महिन्यातच शिकवून ठेवलं होतं. सगळा तात्यापारा मोहल्ला त्यांना सिग्नलमामा म्हणायचा, आणि त्यांना ते बिरुद वाटायचं.

इंजिनात ड्रायव्हर डावीकडे बसतो. मामांची अख्खी नोकरी डावीकडे गेली, आणि हौसेनं स्वतःची गाडी घेतली तर बसावं लागलं उजवीकडे. याची तक्रार ते शेवटपर्यंत करायचे. "माझी खरी जागा तुझ्या मामीजवळ आहे," असं हात डावीकडे करून मला सांगायचे. म्हणायचे ते वैतागून, पण मामी दर वेळी लाजायची.

मामा मूळचे आमच्या वर्ध्याकडचे. नोकरीनं रायपूरला आले, तात्यापाऱ्यात घर केलं, ब्राह्मणपाऱ्यातली मुलगी केली. मामीचं माहेर भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी, तर मामांच्या मराठीत वऱ्हाडी. समोरच्याची मराठी बिघडलेली आहे, असं दोघंही जन्मभर समजत राहिले. मुलगा पुण्याला. मी बँकेच्या नोकरीनं रायपूरला आले तेव्हा त्यांच्याच वरच्या खोलीत राहिले. पुढे लग्न होऊन शंकरनगरला बिऱ्हाड केलं, पण रविवार तात्यापाऱ्याचा तो तात्यापाऱ्याचाच.

इंजिनाच्या धडधडीत मामांचे कान थोडे मंद झाले होते. ते मात्र म्हणायचे, "मले बारीक ऐकू येते, जाडं ऐकू येत नाही." म्हणजे असं, की दळण आणायला मामीनं तीनदा हाक मारली तरी ती जाडी. शेजारच्या घरी भजी कढईत पडली की ती बारीक.

मामांचा दुसरा देव म्हणजे कंपनी. कोणती, याला महत्त्व नव्हतं. ज्यांनी वस्तू बनवली ती कंपनी, आणि "कंपनी काही येडी नाही" हे कुठल्याही वादातलं त्यांचं शेवटचं वाक्य. फ्रिजवरचं हमीचं स्टिकर हमी संपून फ्रिज म्हातारा झाला तरी दारावर होतं. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलं नाही. मे महिन्यात, आणि तोही रायपूरचा मे महिना, त्यावर बसून उठताना कर्रकन आवाज यायचा आणि माणूस सोलल्यासारखा बाहेर पडायचा. मामी पदर अंथरून बसायची.

"अहो, निकालून टाका ना हे प्लास्टिक."

"कंपनीनं लावलेलं काढाले आपण कोण?"

एकदा मी पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून आले. मामांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "फॅक्टरी फिटिंग बदललं काय वं?" एवढंच म्हणाले. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. पुढे लग्न ठरलं, तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पुढून-मागून न्याहाळून त्यांनी निकाल दिला, "पोट्टा चांगला आहे. बाहेरचं काही लावलेलं दिसत नाही." नवरा अजून ही गोष्ट प्रशस्तिपत्रकासारखी सांगतो.

या सगळ्या कंपनीच्या मालात मुकुटमणी होता गाडीतला डावा स्पीकर. पुढच्या दोन्ही दारांत खाली, जाळीमागे एकेक स्पीकर होता. उजवा मामांच्या गुडघ्यापाशी, डावा मामीच्या. दोन्ही एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी बसवलेले. पण मामांच्या हिशेबी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. "उजवा नुसता वाजते," ते म्हणायचे. "डावा गाते."

घरी कोणीही आलं की चहानंतर त्याला डावा स्पीकर ऐकायला नेलं जायचं. मामीची जागा मामीचीच, त्यामुळे पाहुणा मागे. काचा वर. एसी बंद, कारण एसी आवाज खातो. मग रेडिओवर जुनी गाणी लावून बूढातालाबाला एक फेरी. पाहुणा घामानं निथळत, प्लास्टिकला चिकटत ऐकायचा. "ऐकलं काय? गाण्याच्या खालून एक बारीक धार येऊन राहिली ना, मधाची? तो डावा." आणि गंमत म्हणजे ती यायची. मी स्वतः ऐकली आहे. वाद्यं थोडी थांबली की गाण्याच्या खालून एक पातळ, गोड सूर वर यायचा. कधी कधी तर गाणं संपून जाहिरात लागली तरी तो रेंगाळायचा. "पाह्य!" मामा स्टिअरिंगवर थाप मारायचे. "गाणं संपलं तरी डावा सोडत नाही. असा माल आता बनत नाही."

मामी या वेळी खिडकीबाहेर तलावाकडे बघत असायची. स्पीकरपुराण तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिला आता त्यातलं काही ऐकूच जात नसे.

तर हा असा सुखाचा संसार चालू असताना माघात दोघं राजिमच्या संगमावर स्नानाला गेली. मला सुट्टी होती, म्हणून मीही मागे बसले होते. येताना मामीनं संगमाचं पाणी लोट्यात घेतलं. डबा घे म्हटलं तर म्हणाली, तीर्थ प्लास्टिकात नेत नाहीत. आता, पिवळ्या सिग्नलला थांबणारा रायपुरातला एकमेव माणूस म्हणजे मामा. बाकीचे पिवळा दिसला की वेग वाढवतात. शहरात शिरताना पचपेडी नाक्याला पिवळा लागला. "पिवळा!" मामा गरजले आणि ब्रेकवर उभे राहिले. लोट्यातलं सगळं तीर्थ समोरच्या रेडिओत गेलं. रेडिओनं खर्रर केलं, गाण्याची अर्धी ओळ म्हटली आणि देह ठेवला.

गाडी बाजूला घेऊन लगेच चौकशी बसली.

"मी 'पिवळा' म्हटलं. तू 'पिवळा' म्हणाली नाहीस."

"अहो, म्हणायला तोंड उघडलं, तोपर्यंत लोटा गेला!"

"लोटा मंग पकडायचा. आधी सिग्नल."

"पुण्यवान रेडिओ हो," मी मागून म्हणाले. "संगमाच्या पाण्यानं गेला."

दोघांनीही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून मला कळलं की हा घरातला मृत्यू आहे.

रेडिओ दुरुस्त होईना. शेवटी मीच मामांच्या मागे लागून त्यांना पंडरीला नेलं. तिथं कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत गुड्डू भैयाचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. गुड्डूनं जाळीपाशी कान नेला, बोटानं टकटक केलं आणि निदान केलं. "अंकल, सेट नया लो, साथ में स्पीकर भी नए लो. जोड़ी में मजा है. ये कंपनी वाले तो कागज के होते हैं."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पतंग भी कागज की होती है, भैया. उड़ती है कि नहीं?"

मग अटी ठरल्या. वरचा डबा नवा येईल, पण स्पीकरला कोणी बोट लावणार नाही. गाडीतली एकही तार कापली जाणार नाही. "हव अंकल, कपलर से कपलर जोड़ दूँगा," गुड्डू म्हणाला. म्हणजे कंपनीच्या तारेच्या तोंडाला नव्या सेटच्या तारेचं तोंड नुसतं खटकन बसवायचं. बेस कमी ठेवायचा आणि आवाज बेतानं वाढवायचा, नाहीतर जास्त ताकदीनं कागद फाटेल, हेही त्यानं समजावलं. मामांनी सगळं ऐकून त्याला आधी हातातला कटर दूर ठेवायला लावला. मग सगळं काम होईपर्यंत ते ड्रायव्हरच्या सीटवरून उठले नाहीत. गुड्डू त्यांच्या मांडीवरून वाकून काम करत होता. "इंजिन सोडून ड्रायव्हर जात नाही," त्यांनी मला सांगितलं. जुना रेडिओ मामीच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घरी आला आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात विसावला.

नवा सेट म्हणजे काचेचा, बोटानं चालणारा. रेडिओ होता, शिवाय फोन जोडला की नकाशा दिसायचा, आणि नकाशात एक बाई होती. "दो सौ मीटर बाद दाएँ मुड़ें," बाई म्हणाली.

मामा जागच्या जागी सावरून बसले. "दाएँ!" त्यांनी खणखणीत आवाजात परत बोलून दाखवलं आणि गाडी उजवीकडे घेतली. पुढच्या वळणालाही तेच. घरी पोहोचेपर्यंत त्यांचा ऊर भरून आला होता. "पाहिलं काय? ही खरी रेल्वेची बाई. सिग्नल यायच्या आधीच बोलते."

तेव्हापासून ती मॅडम झाली. जे मामा रायपूरची गल्ली न् गल्ली डोळे मिटून सांगू शकत, ते आता तात्यापाऱ्यातून ब्राह्मणपाऱ्याला, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावरच्या मामीच्या माहेरी जायलासुद्धा मॅडमना विचारू लागले. मॅडमनी एकदा भलत्याच गल्लीत नेऊन एका गोठ्यापुढे उभं केलं आणि सांगितलं, आपण पोहोचला आहात. म्हशी आमच्याकडे पाहत होत्या, आम्ही म्हशींकडे. "मॅडमले काही तरी माहीत असन," मामा म्हणाले आणि मान राखायला थोडा वेळ तिथंच थांबले.

आणि मग डावा स्पीकर गेला.

आधी मामांनी कोणाला सांगितलं नाही. बूढातालाबाला एकट्यानंच दोन-तीन फेऱ्या मारल्या म्हणे. मग एका रविवारी चहा न घेताच मला म्हणाले, "डावा बंद पडला." आम्ही गुड्डूकडे गेलो. त्यानं सगळा आवाज डावीकडे वळवला. दार थरथरायला लागलं. "बज तो रहा है, अंकल."

"बज रहा है," मामा म्हणाले. "गा नहीं रहा."

गुड्डूनं तारा पाहिल्या, कपलर काढून परत बसवले, जाळीतली धूळ उडवली, शेवटी अगरबत्तीसुद्धा ओवाळली. वाजायचा नीट. मी लक्ष देऊन ऐकलं. मामांचं खरं होतं. गाणं स्वच्छ येत होतं, आधीपेक्षा स्वच्छ, पण खालची ती मधाची धार नव्हती. मला विचाराल तर माझ्याही जिवाला चुटपुट लागली. "पुराना स्पीकर है, अंकल. नए सेट के सामने दम निकल गया होगा," गुड्डू म्हणाला. मामांना ते लागलं. आपण नव्या डब्याच्या मोहात पडून जुन्या माणसाचा जीव घेतला, असा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांचं सगळंच उतरलं. पाहुण्यांना फेरी बंद झाली. रविवारी गाडी दारातच उभी राहू लागली. बाहेर पडलेच तर सिग्नलला "हिरवा" असं पुटपुटायचे, दुसऱ्याच्या घरी पाणी मागावं तसं. मामीनं मला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात सांगितलं, "यांना काही तरी होतंय गं. काल पिवळ्याला थांबले नाहीत." ती रडकुंडीला आली होती.

पुढच्या रविवारी मी गेले तर मामा कपडे करून तयार. "चला पंडरीले. दोन्ही स्पीकर काढून टाकू. नवे लावू."

"काढून टाकू" हे शब्द त्या घरात कोणी ऐकले नव्हते. मामीनं पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

निघालो. त्या दिवशी मामांचा फोन घरी चार्जिंगला राहिला होता, त्यामुळे मॅडमही घरीच राहिल्या. गाडीत कोणी बोलत नव्हतं. शारदा चौकाचा सिग्नल झाला, जयस्तंभ चौकाचा झाला. नुसता रेडिओ चालू होता. एक जुनं गाणं लागलं. मी मागे बसून बाहेरच्या साड्यांच्या पाट्या वाचत होते. आणि वाद्यं जरा थांबली तशी, गाण्याच्या खालून, ती बारीक धार वर आली.

मामांनी करकचून ब्रेक मारून गाडी बाजूला घेतली. "ऐकलं काय? चालू झाला!"

"काय झालं? काय चालू झालं?" मामीनं विचारलं. धार बंद.

"गेला परत," मामा म्हणाले. त्यांचे खांदेच पडले.

गाडी पुन्हा निघाली. थोडं पुढे गेलो आणि धार पुन्हा आली. मामा आता श्वास रोखून, हळू, लग्नाच्या वरातीच्या वेगानं गाडी चालवत होते. माझी नजर सहज डाव्या बाजूच्या आरशाकडे गेली. आरशात मामी दिसत होती. खिडकीबाहेर पाहत होती, ओठ मिटलेले होते. पण गळा हलत होता.

मी सीटला पाठ लावून बसले ती पंडरी येईपर्यंत हलले नाही.

मामा दुकानात शिरले. मामी आणि मी गाडीतच थांबलो. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "मामी, हल्ली तू गाडीत गप्प गप्प काहून असतेस?"

"मग काय करू? ती मॅडम सिग्नल बोलते ना! सिग्नल बोलताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, यांचाच नियम. बरं, ती केव्हा बोलेल त्याचा भरोसा नाही. मी तर श्वाससुद्धा संभाळून घेते." मामीनं पदरानं वारा घेतला. "आज ती नाही तर किती हलकं वाटतंय बघ."

"गाणंबिणं म्हणत जा ना."

"कोण, मी?" मामी हसली. "अगं, माहेरी असताना भजनात म्हणायची. लग्नानंतर कधी गायले मी? आता कुठला आला आवाज."

ती खरंच बोलत होती. तिला ठाऊकच नव्हतं.

मी धावत दुकानात गेले. गुड्डूनं नवे स्पीकर खोक्यातून काढून मांडले होते. मामांना मी सीट कव्हरांच्या ढिगाऱ्यामागे ओढलं आणि सांगून टाकलं.

"येडी झाली काय वं?" मामा तडकले. "इतले वर्षं झाले लग्नाले! माझ्या बायकोचा आवाज मले समजणार नाही? तो स्पीकर आहे. कंपनीचा..."

आणि तिथंच थांबले. दुकानाच्या काचेतून गाडी दिसत होती. डाव्या सीटवर मामी पदरानं वारा घेत होती, दुकानाचा रेडिओ तिच्यापर्यंत पोहोचत असावा, कारण मान हलकीशी डोलत होती. मामा किती तरी वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहाले गेलो होतो, तवा हिनं भजन म्हटलं होतं. त्या भजनावरच तर मी हो म्हटलं. मंग घर, पोरगा, माझ्या ड्युट्या. मले वाटलं, बंद पडलं."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. मला वाटलं आता हे जाऊन मामीला सांगणार, आणि मला रडू येणार.

"तिले सांगितलं काय?"

"नाही."

"सांगू नको. आपण गातो हे तिले समजलं, तर लाजून बंदच होऊन जाईल." मग एकदम ड्रायव्हरच्या आवाजात, "तिले सांगायचं नाही. म्हण!"

"तिला सांगायचं नाही," मी परत बोलले.

मामा ढिगाऱ्यामागून बाहेर आले. "गुड्डू, ये डिब्बे वापस रख. स्पीकर ठीक हो गया."

"कैसे, अंकल?"

"कंपनी का माल है. अपने आप ठीक हो गया. बस, वो नक्शे वाली मैडम है न, उसको रिटायर कर दे. हमेशा के लिए."

गुड्डू "हव अंकल" म्हणाला आणि माझ्याकडे पाहून त्यानं डोक्याजवळ बोट फिरवलं. मी उगीचच हसले.

पुढची कितीतरी वर्षं पाहुण्यांना बूढातालाबाची फेरी घडत राहिली. काचा वर, एसी बंद. डाव्या स्पीकरची स्तुती तीच, शब्द तेच. फरक एवढाच, की आधी "डावा ऐका" म्हणताना मामांची नजर रस्त्यावर असायची, आता ती अलगद डावीकडे जायची. शिस्तीच्या माणसाचं हे एवढंच बेशिस्त वागणं मी पाहिलं. "समोर बघा हो!" मामी ओरडायची. एका पाहुण्यानं शहाणपणा करून म्हटलं, की आजकाल याहून पुष्कळ भारी स्पीकर मिळतात. मामा म्हणाले, "असतीन. तुम्ही तुमचे लावा."

मामा दोन वर्षांपूर्वी गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. कोणाला त्रास दिला नाही, पण मला अजून त्याचा राग येतो, कारण माणसानं निदान निघताना आवाज द्यावा. मुलगा पुण्याहून आला. गाडी विकायची भाषा निघाली तेव्हा मामी इतकंच म्हणाली, "हिला द्या." गाडी माझ्याकडे आली. सीटचं प्लास्टिक आहे तसंच आहे. माझा नवरा एकदा म्हणाला, निदान स्पीकर तरी चांगले टाकू या, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून आम्ही दोघंही चपापलो. मी म्हटलं होतं, "कंपनी काही येडी नाही."

मामीला मी देवळात, दवाखान्यात नेते. पण ती पुढे बसत नसे. दार उघडून दिलं तरी निमूटपणे मागे जाऊन बसायची. डावी सीट रिकामी. रेडिओ मी लावायची, तो स्वच्छ, नीट वाजायचा. नुसता वाजायचा.

या माघात ती आपण होऊन म्हणाली, "राजिमला नेतेस का?" निघताना मागच्या सीटवर चटई, ठेठरी-खुरमीच्या फराळाचे डबे, पाण्याची कॅन असं सगळं रचून झालं आणि तिला बसायला जागा उरली नाही. खरं सांगायचं तर ती उरू नये अशा बेतानंच मी रचलं होतं. मामी क्षणभर दाराशी थांबली. मग पुढे आली, पदर अंथरला आणि लोटा मांडीवर घेऊन डावीकडे बसली.

पचपेडी नाक्याला लाल लागला. मी थांबले. हिरवा झाला.

"हिरवा!" मी म्हणाले. ठरवून नाही, निघून गेलं तोंडातून. मामी समोर बघत राहिली. लोट्यावरची तिची बोटं आवळली होती. मागे हॉर्न सुरू झाले. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून माझ्या माहेरची विचारपूस केली. मी क्लच दाबून तशीच थांबले. मला मामांची इतकी आठवण आली की समोरचा सिग्नल नीट दिसेना.

"हिरवा!" मी दुसऱ्यांदा म्हणाले.

"हिरवा," मामी म्हणाली. आवाज फाटला होता. मग पदरानं डोळे पुसून माझ्यावर खेकसली, "एकदाच म्हणायचं असतं गं. दोनदा म्हटलं तर दोन सिग्नल होतात."

मी पहिला गिअर टाकला.

अभनपूर मागे पडलं. रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे कापून झालेली धानाची शेतं. रेडिओवर एक जुनं गाणं लागलं. वाद्यं जरा थांबली आणि गाण्याच्या खालून डावा स्पीकर गायला लागला. आधी अडखळत, मग नीट. गाणं संपून जाहिरात लागली तरी त्यानं सोडलं नाही.

आरशात पाहायचा मोह झाला. पण मी रस्त्याकडेच बघत राहिले. तिला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.